लिंबूवर्गाची वंशावळ



आजच्या भाषणाचा विषय फळबाजारातील एका टोपलीतून निघालेला आहे. मोसंबी, संत्रे, कागदी लिंबू, पपनस आणि सणावारी क्वचित दृष्टीस पडणारे महाळुंग, ही पाच फळे घरातील एखाद्या लहान मुलापुढे मांडून ‘ही किती जातींची फळे आहेत?’ असे विचारले, तर ते तत्काळ ‘पाच’ असे उत्तर देईल. थोरथोर वनस्पतिशास्त्रज्ञांनीही दोनअडीचशे वर्षे बहुधा याच रीतीने उत्तरे दिली. रंग, आकार, साल, पान व फूल पाहावे, आणि निराळे दिसेल त्यास निराळी जाती म्हणावे, अशी ती रीत होती. परंतु अलीकडे या झाडांच्या पेशींत दडलेला मूळ लेख अक्षरशः वाचून काढण्यात आला आहे. त्या वाचनाने असे ठरले की, या पाचांपैकी महाळुंग आणि पपनस ही दोनच फळे स्वतंत्र, अमिश्र जातींची आहेत. मोसंबी आणि लिंबू ही संकराची अपत्ये होत. आणि संत्रे मूळचे स्वतंत्र खरे, पण आज आपण खातो त्यात दुसऱ्याचे रक्त मिसळलेले आहे. हा निकाल कसा लागला, त्याची हकीकत मी आज सांगणार आहे.

आरंभीच कबूल करतो की, मी शास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारा जन्म विदर्भातील संत्र्याच्या मुलखात एका खेड्याच्या शाळेत शिकविण्यात गेला. या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे. निसर्गाच्या तासाला मी मुलांना पत्र्याच्या डब्यात एकेक संत्र्याची बी पेरावयास सांगितले होते. महिन्याभराने एका बागवानाच्या मुलाने आपला डबा आणून दाखविला, तर त्यात दोन रोपे. ‘एकच बी पेरायची असे सांगितले होते ना?’ असे मी विचारले. तो म्हणाला, ‘गुरुजी, एकच पेरली होती. एकीतूनच दोन आली.’ एका बीतून एक रोप हे मी पुस्तकात वाचलेले. मी त्यास सर्वांदेखत खोटारडा ठरविले आणि तासभर उभे केले. या मुलाकडे मी भाषणाच्या ओघात पुन्हा येईन. कारण लिंबूवर्गाचे सारे कोडे त्या डब्यातील दोन रोपांतच होते.

प्रथम नावांचा इतिहास पाहू. या वर्गातील फळांशी मनुष्याची ओळख फार जुनी आहे. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत मातुलुंगाचा, म्हणजे आपल्या महाळुंगाचा उल्लेख आहे, आणि कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या एका हातात हेच फळ आहे. ख्रिस्तपूर्व 300 च्या सुमारास थिओफ्रॅस्टस या ग्रीक पंडिताने ‘मीडिया देशाचे सफरचंद’ म्हणून त्याचे वर्णन केले. ते खाण्याजोगे नसले तरी सुवासिक असून कपड्यांत ठेवल्यास कसर लागत नाही, असे तो म्हणतो. आपला संस्कृत ‘नारंग’ शब्द फारसीतून अरबीत गेला, अरबांबरोबर स्पेनमध्ये पोचला, आणि इंग्रजांचा ‘ऑरेंज’ हा त्याचाच वंशज होय. चीनमध्ये हान येन-चिह नावाच्या अधिकाऱ्याने 1178 साली या फळांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि त्यात 27 प्रकार वर्णिले. बाबर बादशहानेही आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या फळांची हकीकत देताना नारिंग, लिंबू, महाळुंग, संत्रे यांना जागा दिली आहे.

परंतु फळांस नावे देणे निराळे आणि जाती ठरविणे निराळे. हे दुसरे काम स्वीडनच्या लिनियसने आरंभिले. 1753 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने या वंशास ‘सिट्रस’ हे नाव देऊन त्यात दोनच जाती मानल्या. एक महाळुंग व दुसरी नारिंग. लिंबास त्याने महाळुंगाचा पोटभेद ठरविले, तर मोसंबी व पपनस यांस नारिंगाचे पोटभेद म्हटले. पुढे पूर्वेकडील देशांतून नवनवे नमुने येऊ लागले, तशी ही दोन खणांची फडताळी अपुरी पडू लागली. आपल्याकडे इमॅन्युएल बोनाव्हिया या सरकारी डॉक्टराने हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथील नारिंगे व लिंबे यांवर 1888 साली मोठा ग्रंथ लिहिला, आणि प्रांतोप्रांतीचे प्रकार गोळा करून त्यांची मुळे शोधण्याची खटपट केली.

विसाव्या शतकात या प्रश्नावर दोन मोठे पक्ष पडले. अमेरिकेच्या शेतकी खात्यातील वॉल्टर स्विंगल यांनी 1943 साली या वंशात 16 जाती मानल्या. जपानचे त्योझाबुरो टानाका यांनी आयुष्यभर बागा व डोंगर पालथे घालून जी यादी वाढवीत नेली, ती अखेरीस 162 जातींवर गेली. दोघेही आपल्या विषयात निष्णात, दोघांनीही झाडे स्वतः पाहिलेली. तरी एकाने 16 म्हणावे आणि दुसऱ्याने 162, हा फरक थोडाथोडका नव्हे, दसपटीचा आहे. दोघे तज्ज्ञ एकाच वंशाविषयी इतके निराळे बोलतात, तेव्हा दोष त्यांच्या दृष्टीत नसून मोजण्याच्या मापात असावा, अशी शंका येणे साहजिक आहे.

ते माप कोणते? जाती म्हणजे काय, याची एक व्याख्या एर्न्स्ट मायर यांनी 1942 साली मांडली आणि ती पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. ज्या जीवांचा निसर्गात आपसांत संयोग होऊन प्रजा वाढते, परंतु इतर समूहांशी तसा संयोग होत नाही, त्यांची एक जाती. घोडा आणि गाढव यांचे अपत्य खेचर, आणि खेचरास प्रजा नाही. म्हणून घोडा व गाढव या दोन जाती. प्राण्यांच्या बाबतीत हे माप बरेच चालते. लिंबूवर्गात मात्र ते निरुपयोगी ठरते. येथे महाळुंग, पपनस, संत्रे ही परस्परांचा पराग सुखाने घेतात आणि त्यांच्या संकरास फळेही येतात. 1894-95 च्या हिवाळ्यात फ्लोरिडातील बागा गोठून गेल्या, तेव्हा थंडी सोसणारे झाड मिळावे म्हणून स्विंगल यांनी 1897 साली मोसंबीच्या वर्गाचा संकर काटेरी, तीन पानांच्या नारिंगाशी केला. याच तीनपानी झाडास त्यांनी आपल्या वर्गीकरणात सिट्रसहून निराळ्या वंशात बसविले. म्हणजे एकाच माणसाच्या लेखणीने दोहोंमध्ये भिंत घातली होती आणि त्याच्याच हाताने ती ओलांडली होती.

आता कोणी विचारील की, संकर होत असला तरी संकराची संतती पुढल्या पिढीत विस्कटून जात नाही काय? आंब्याची कोय पेरली तर आईसारखा आंबा मिळेलच असे नाही, हे आपण सर्व जाणतो. मग लिंबाची बी पेरली तर लिंबूच का येते? याचे उत्तर त्या डब्यातील दोन रोपांत आहे.

हॉलंडचा सूक्ष्मदर्शकधारी अँटनी लेव्हेनहूक याने 1719 साली संत्र्याच्या एका बीत दोन अंकुर पाहिल्याची नोंद केली. पुढे 1878 साली एडुआर्ड श्ट्रासबुर्गर या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचा उलगडा केला. बी तयार होताना त्यात पराग व अंडपेशी यांच्या मीलनाचा एक गर्भ असतो. पण लिंबूवर्गातील पुष्कळ झाडांत बीजांडातील आईच्या स्वतःच्या पेशींपासूनही, पित्याचा संबंध न येता, आणखी गर्भ उत्पन्न होतात. हे गर्भ म्हणजे आईचीच हुबेहूब प्रतिकृती. बहुधा तेच जोमाने वाढून मीलनाच्या गर्भास मागे टाकतात. म्हणून अशा झाडाची बी पेरली तरी वस्तुतः आपण आईचे कलमच लावलेले असते. दोन डोंगरांच्या मध्ये कोठेतरी एकदाच घडलेला संकर अशा रीतीने बीवाटे शेकडो वर्षे जशाचा तसा चालू राहतो, गावोगाव पसरतो, आणि पाहणाऱ्यास ती एक स्थिर, स्वतंत्र जाती वाटते. टानाकांच्या यादीतील अनेक ‘जाती’ अशाच प्रकारच्या होत्या. त्यांच्या डोळ्यांनी त्यांस फसविले नाही. झाडेच एकसारखी होती. परंतु एकसारखेपणाचे कारण जाती हे नसून प्रतिकृती हे होते.

ज्यांस मराठ्यांच्या इतिहासाची गोडी आहे त्यांस येथे एक गोष्ट आठवेल. पूर्वी आपला इतिहास बखरींवरून लिहिला जाई. बखरीत रस असतो, परंतु ती मागाहून ऐकीव माहितीवर लिहिलेली असते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढून असा आग्रह धरला की, अस्सल कागद पाहिल्यावाचून इतिहास लिहू नये. फळाचा रंग, पानाच्या देठाचे पंख, सालीची जाडी ही लिंबूवर्गाची बखर होय. ती अगदीच खोटी नव्हे. 1975 साली रेनर स्कोरा आणि 1976 साली बॅरेट व ऱ्होड्स या अमेरिकेतील अभ्यासकांनी अशाच बाह्य व रासायनिक लक्षणांची बारकाईने छाननी करून असा तर्क केला होता की, लागवडीतील या साऱ्या पसाऱ्याच्या मुळाशी महाळुंग, पपनस आणि संत्रे हे तीनच मूळ पुरुष असावेत. तर्क मोठा मार्मिक होता. पण तो सिद्ध करावयास अस्सल कागद हवा होता.

तो कागद प्रत्येक पेशीत असतो. डीएनए नावाच्या लांबलचक रेणूवर ए, टी, जी, सी या चार अक्षरांत तो लिहिलेला आहे. लिंबूवर्गातील झाडांत तो नऊ गुणसूत्रांवर वाटलेला असून प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. मोसंबीच्या एका संपूर्ण प्रतीत सुमारे 37 कोटी अक्षरे आहेत. ही अक्षरे क्रमाने वाचण्याची उपयुक्त पद्धत इंग्लंडात फ्रेडरिक सँगर यांनी 1977 साली सिद्ध केली. पुढे यंत्रे आली व काम झपाट्याने होऊ लागले. कोवळ्या पानातून डीएनए वेगळा काढावयाचा, त्याचे बारीक तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकडा यंत्राकडून वाचून घ्यावयाचा, आणि मग फाटलेल्या पत्राचे कपटे कडेला कडा जुळवून लावावेत तसे हे कोट्यवधी तुकडे गणकयंत्राने जुळवावयाचे, असा हा उद्योग आहे.

लेख हाती आला की वंशावळ कशी कळते? एकाच जातीच्या झाडात आईकडून आलेली प्रत व बापाकडून आलेली प्रत यांत फरक थोडा असतो. हजार अक्षरांत पाचसहा ठिकाणी, किंवा त्याहूनही कमी. दोन निराळ्या जातींच्या प्रती एकत्र आल्या असतील तर तोच फरक हजारी पंधरावीस किंवा अधिक भरतो. झाड जर दोन जातींचा पहिल्या पिढीचा संकर असेल, तर हा मोठा फरक नऊही गुणसूत्रांवर आरंभापासून अखेरपर्यंत सलग दिसतो. त्यापुढे आणखी पिढ्या लोटल्या असतील तर गोधडीतील ठिगळांप्रमाणे एक तुकडा या जातीचा, दुसरा त्या जातीचा अशी रचना होते, आणि ठिगळांच्या लांबीवरून पिढ्यांचाही अंदाज करता येतो. याखेरीज आणखी एक साक्षीदार आहे. पानातील हरितकणूंचा स्वतःचा छोटासा लेख असतो आणि या वर्गात तो आईकडूनच येतो. त्यामुळे संकरातील माता कोण व पिता कोण, हेही सांगता येते.

चीनमधील वूहान येथील कृषी विद्यापीठाच्या मंडळींनी मोसंबीच्या वर्गाचा संपूर्ण लेख वाचून 2013 साली प्रसिद्ध केला. 2014 साली अमेरिका, स्पेन, फ्रान्स, इटली, ब्राझील इत्यादी देशांतील संशोधकांच्या संघाने संत्री, पपनसे व नारिंगे यांचे लेख शेजारी ठेवून तुलना केली. आणि 2018 साली ग्वोहाँग वू, मान्वेल तालोन, डॅनियल रोखसर, फ्रेडरिक ग्मिटर प्रभृतींनी 60 निरनिराळ्या झाडांचे लेख तपासून सबंध वंशाची हकीकत ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली. त्या अभ्यासात दहा मूळ जाती निश्चित झाल्या. त्यांत महाळुंग, पपनस व शुद्ध संत्रे हे तिघे आहेतच. शिवाय फिलिपाइन्स बेटांतील मायक्रांथा नावाचे रानलिंबू, चीनमधील काही रानटी जाती, बोराएवढे कमक्वाट आणि ऑस्ट्रेलियातील तीन लिंबे आहेत. या साऱ्यांचे माहेर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर ब्रह्मदेश व पश्चिम युनान या पट्ट्यात असावे, आणि 60 ते 80 लक्ष वर्षांपूर्वी हवा कोरडी होऊ लागली त्या काळात तेथून त्यांच्या शाखा झपाट्याने फुटल्या, असा निष्कर्ष निघाला.

आता आपल्या टोपलीतील फळांचे जन्मवृत्त ऐका. आंबट नारिंग हे पपनसाची आई व संत्र्याचा बाप यांचे सरळ पहिल्या पिढीचे अपत्य आहे. त्याच्या प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत पपनसाची व दुसरी संत्र्याची आहे. म्हणजे लिनियसने ज्यास मूळ जाती मानून पपनसास त्याचा पोटभेद ठरविले, तेथे खरा संबंध उलटा निघाला. ज्यास त्याने शाखा म्हटले तीच माता होती. युरोपातील लांबट पिवळे लिंबू, ज्यास आपण लेमन म्हणतो, ते या नारिंगाची आई व महाळुंगाचा बाप यांचे अपत्य. त्याच्या लेखाचा अर्धा भाग सलग महाळुंगाचा, आणि उरलेल्या अर्ध्यात पपनस व संत्रे यांची ठिगळे. आपल्या रोजच्या वरणभातावरचे कागदी लिंबू हे फिलिपाइन्सच्या मायक्रांथाची आई व महाळुंगाचा बाप यांच्यापासून झाले. महाळुंगाविषयी एक गमतीची गोष्ट अशी की, या साऱ्या संबंधांत ते पित्याच्याच भूमिकेत आढळते. मोसंबीतही पपनस व संत्रे हेच दोघे आहेत; पण तिची गोष्ट एका पिढीची नसून तिचे आईबापही आधीच मिश्र होते. पश्चिमेकडील ग्रेपफ्रूट, ज्याचे वर्णन ग्रिफिथ ह्यूझ याने 1750 साली बार्बाडोस बेटातील ‘निषिद्ध फळ’ म्हणून केले, ते पपनस व मोसंबी यांचे अपत्य होय.

मग संत्र्याचे काय? येथे संशोधकांनाही धक्का बसला. ज्या संत्र्यांस सर्वजण शुद्ध समजत होते, त्यांतील बहुतेकांच्या लेखात पपनसाचे तुकडे निघाले. नागपुरी संत्र्याचा ज्याच्याशी निकटचा संबंध मानतात, ते चीनचे पोंकन संत्रेही याला अपवाद नाही. इतकेच नव्हे, तर पपनसाचा अंश जितका अधिक तितके फळ मोठे, असा साधारण नियमही दिसून आला. रानातील शुद्ध संत्रे लहान व आंबट; त्यास मोठेपण व गोडी येण्यात या परक्या अंशाचा वाटा आहे. आणि एका बीतून अनेक अंकुर येण्याचा जो गुण, त्याचे मूळही 2017 साली एका विशिष्ट जनुकाशेजारी घुसलेल्या लहानशा तुकड्यात सापडले. महाळुंग व पपनस यांत हा गुण नाही; तो संत्र्याच्या घराण्यातून त्याच्या संकरांत उतरला.

यावरून कोणी असे समजेल की, लेख वाचण्याच्या या विद्येने जातींच्या भिंती पाडण्याचेच काम केले. परंतु तिने एक नवी भिंत दाखवूनही दिली. जपानच्या दक्षिणेकडील र्‍युक्यू बेटांत शिकुवाशा नावाचे लहान आंबट संत्रे फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे, आणि जपानचे तचिबाना हेही जुने फळ आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले की, ही दोन्ही फळे संकर आहेत. पण त्यांचा एक पूर्वज त्या बेटांतील अशी एक रानटी जाती आहे की, जिची दखल तोपर्यंत कोणत्याही वर्गीकरणाने घेतली नव्हती. तिला सिट्रस र्‍युक्युएन्सिस असे नाव मिळाले. बेटे मुख्य भूमीपासून तुटल्यावर ती तेथे एकाकी वाढली, आणि मुख्य भूमीचे संत्रे तेथे पोचल्यावर दोहोंचा संबंध घडला. म्हणजे 162 जातींच्या यादीत कित्येक नावे फाजील होती, आणि तरीही एक खरे नाव राहून गेले होते.

तर मग जाती म्हणून काही आहे की नाही? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे उत्तर असे की, आहे. महाळुंग व पपनस लक्षावधी वर्षे निराळे राहिले, आणि त्यांच्या लेखांतील फरक आजही स्पष्ट आहे. परंतु त्यांना निराळे ठेवले ते डोंगरांनी, समुद्रांनी व अंतराने. संयोगाच्या अशक्यतेने नव्हे. अंतर नाहीसे झाले, बऱ्याच वेळा मनुष्यानेच ते नाहीसे केले, तेव्हा दोन घराणी एका अंगणात आली आणि त्यांच्या मीलनातून आपली मोसंबी व लिंबे जन्मली. जातीची सीमा ही तटबंदी नसून नदीसारखी आहे. पूर असेल तोवर पलीकडे जाता येत नाही, उतार मिळाला की जाता येते.

ही सारी विद्वानांची करमणूक आहे, असे मात्र समजू नका. यात बागवानाच्या भाकरीचा प्रश्न आहे. ज्या प्रतिकृतीच्या गुणामुळे मोसंबी शतकानुशतके टिकली, त्याच गुणामुळे जगातील साऱ्या मोसंब्या मुळात एकाच संकराच्या प्रतिकृती आहेत. त्यांत जे प्रकारभेद दिसतात ते पुढे फांद्यांत झालेल्या लहानसहान बदलांचे. जे एकीस मारील ते सर्वांस मारील. ग्रीनिंग नावाचा रोग, ज्यास चिनी भाषेत हुआंगलोंगबिंग म्हणतात, एका लहान किडीवाटे झाडात शिरतो. आपल्या देशातही त्याचा उपद्रव आहे. फ्लोरिडात तो 2005 साली प्रथम आढळला. तेथे 2003-04 च्या हंगामात मोसंबीच्या वर्गाच्या सुमारे 24 कोटी पेट्या निघाल्या होत्या. 2024-25 च्या हंगामात तो आकडा सव्वा कोटीच्या आत आला. वादळांनीही हानी केली, पण मुख्य आघात रोगाचा. या रोगास दाद न देणारा गुण काही ऑस्ट्रेलियन रानलिंबांत आढळला असून तो आपल्या फळांत आणण्याचे संकर सुरू आहेत. कोणाचा कोणाशी संबंध जुळेल, कोणत्या गुणसूत्रावरचा कोणता तुकडा घ्यावयाचा, हे ठरविण्यास वंशावळीचा कागद हाताशी असावाच लागतो.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. नागपुरी संत्रे रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, आणविले असे परंपरेने सांगतात. या संत्र्याचे झाड आमच्या बागवान मंडळींनी बीपासून वाढविलेले नसते. जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर त्याचा डोळा भरलेला असतो. जंबेरी व रंगपूर लिंबू ही दोन्ही संत्रे व महाळुंग यांची अपत्ये आहेत. म्हणजे देवीच्या हातातील महाळुंग विदर्भातील संत्र्याच्या मुळाशी आजही उभे आहे. नागपुरास 1985 साली या फळांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले व आज ते केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून काम करीत आहे. मेघालयातील गारो टेकड्यांत नोक्रेकच्या अरण्यात मेमंग नारंग नावाचे रानटी संत्रे राखून ठेवलेले आहे. टानाकांनीच त्यास सिट्रस इंडिका असे नाव दिले. मेमंग म्हणजे भूत किंवा पितर. ज्या फळास कोणी बाजारात विचारणार नाही, त्याच्या लेखात उद्याच्या रोगाचे उत्तर असू शकेल. म्हणून अशी राने राखणे, हे बागा राखण्याइतकेच निकडीचे आहे.

आता त्या मुलाविषयी. लेव्हेनहूकची नोंद मी निवृत्त झाल्यानंतर वाचली. तीनशे वर्षांपूर्वी हॉलंडात जे एका माणसाने पाहिले, तेच त्या मुलाने आपल्या पत्र्याच्या डब्यात पाहिले होते. फरक इतकाच की, हॉलंडच्या माणसास कोणी उभे केले नाही. तो आता स्वतः बागवान आहे. मी त्याच्याकडे जाऊन क्षमा मागितली. त्यास तो प्रसंग चांगलाच आठवत होता. तो हसून म्हणाला, ‘गुरुजी, ती दोन्ही रोपे मी घरी लावली होती. एक मोठे झाले, एक खुरटले. पण दोन होती, हे आईने पाहिले होते.’

लिनियस, स्विंगल, टानाका यांच्या पंक्तीत बसण्याची माझी योग्यता नाही. परंतु चूक त्यांची व माझी एकाच प्रकारची होती. पुस्तकातील नियम आधी ठरलेला होता आणि झाड मागाहून आले. त्यांच्या चुकीने यादीत काही नावे वाढली. माझ्या चुकीने एका खरे बोलणाऱ्या मुलास तासभर उभे राहावे लागले. आपल्यापैकी कोणाच्या घरी एखादे मूल संत्र्याची बी पेरून ‘एकीतून दोन आली’ असे सांगत आले, तर त्याच्याबरोबर खाली बसून ती माती हलकेच बाजूस सारावी आणि मुळाशी पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.